मेंदूच्या बायोप्सीचा तुकडा: तो कसा काढतात आणि आमच्याकडे कसा आणायचा

परळच्या आमच्या लॅबमध्ये येणाऱ्या नातेवाइकांसाठी

एमआरआयमध्ये गाठ दिसते, पण ती कशाची आहे हे त्यावरून दर वेळी ठामपणे सांगता येत नाही. क्षयाची गाठ, लिम्फोमा (लिम्फोसाइट या पांढऱ्या रक्तपेशींचा कॅन्सर), ग्लायोमा (मेंदूच्याच आधार देणाऱ्या पेशींची गाठ), दुसऱ्या अवयवातून पसरलेला कॅन्सर यांची चित्रं कधीकधी फार मिळतीजुळती असतात. उपचार मात्र प्रत्येकाचे वेगळे. म्हणून सर्जन तपासणीसाठी गाठीचा तुकडा काढायला, म्हणजेच बायोप्सी करायला सांगतात.

गाठ खोल असेल किंवा बोलण्याच्या, हातापायांच्या हालचालींच्या केंद्राजवळ असेल, तर बहुधा स्टिरिओटॅक्टिक बायोप्सी करतात. डोक्यावर धातूची चौकट पिनांनी घट्ट बसवून स्कॅन काढतात. त्यावरून संगणक गाठीची नेमकी जागा आणि सुईची वाट ठरवतो. वाटेतल्या रक्तवाहिन्या टाळायच्या असतात. मग कवटीला लहानसं छिद्र पाडून सुई आत नेतात. तिच्या टोकाजवळ बाजूला खाच असते, तिच्यात शेवईसारखा बारीक तुकडा कापला जातो. मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही, त्यामुळे पुष्कळदा जागेपुरती भूल पुरते. काही ठिकाणी चौकटीऐवजी न्यूरोनेव्हिगेशन, म्हणजे स्कॅनवरून संगणकाच्या पडद्यावर वाट दाखवणारी यंत्रणा, वापरतात.

गाठ वरच्या बाजूला आणि काढण्याजोगी असेल तर कवटीचा भाग उघडून शस्त्रक्रिया करतात, तुकडाही मोठा मिळतो. मेंदूतल्या पाण्याच्या पोकळीत गाठ असेल तर एन्डोस्कोपने, म्हणजे कॅमेरा लावलेल्या बारीक नळीने.

मुख्य धोका रक्तस्रावाचा. ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी कुठलीही गोळी चालू असेल तर सर्जनना आधी सांगाच. स्टेरॉइडचंही सांगा: लिम्फोमा असेल तर त्याने गाठ तात्पुरती विरू शकते आणि मग तुकड्यात काहीच सापडत नाही असं होऊ शकतं. मात्र गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका, ते जिवावर बेतू शकतं.

आता आमची कळकळीची विनंती. तुकडा सहसा फॉर्मॅलिनमध्ये (तो टिकवून ठेवणाऱ्या द्रावणात) येतो, आणि कॅन्सरच्या तपासणीला तेच हवं. पण क्षयाची शंका असेल तर कल्चरसाठी (जंतू वाढवून पाहण्यासाठी) वेगळा तुकडा निर्जंतुक सलाइनमध्ये लागतो. फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात, मग कल्चर होत नाही. आपल्याकडे क्षय इतका आढळतो की ऑपरेशनच्या आधीच हे डॉक्टरांना विचारलेलं बरं. बाटलीवर पेशंटचं पूर्ण नाव हवं, सोबत एमआरआयचा रिपोर्ट आणा.

ऑपरेशन चालू असताना मिळणारं फ्रोझन सेक्शनचं (तुकडा गोठवून लगेच केलेल्या तपासणीचं) उत्तर प्राथमिक असतं. हाती आलेला तुकडा गाठीचाच आहे ना, हे सर्जनना त्यातून कळतं. पक्का रिपोर्ट नंतर येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गीकरणानुसार ग्लायोमाचं नाव ठरवायला आयडीएच या जनुकासारख्या जनुकीय चाचण्याही लागतात, त्यामुळे वेळ जातो. तो काळ घरच्यांना किती जड जातो हे आम्ही रोज पाहतो. म्हणून रिपोर्ट कुठवर आला हे केव्हाही विचारा, संकोच करू नका.

टाटा मेमोरियलला किंवा इतरत्र दुसरं मत घ्यायचं असेल तर मेणातले ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) आणि स्लाइड्स (त्याचे काचेवरचे पातळ काप) मागतात. ते आम्ही जपून ठेवतो. डॉक्टरांची चिठ्ठी आणि ओळखपत्र आणलंत की सही घेऊन देतो.