वजनकाट्यावर न दिसणारा कचरा

संक्रांतीनंतरच्या रविवारी आठवी-नववीच्या मुलांना घेऊन गोदाकाठी कचरा वेचायला गेलं, की पहिला तासभर सगळ्यांचं लक्ष पोती भरण्यावर असतं. पोतं जितकं जड, तितका आनंद मोठा. अशा वेळी मी मुलांना मान वर करून बाभळीकडे बघायला सांगतो. फांद्यांत लोंबणारा मांजा मुठीत मावेल एवढा असतो, पण पाखरांसाठी त्या सकाळचा सगळ्यात घातक कचरा तोच.

सुती दोरा म्हणजे सेल्युलोज. ते पचवणारी बुरशी आणि जिवाणू मातीत भरपूर असतात, त्यामुळे एक-दोन पावसाळ्यांत दोरा कुजतो. नायलॉन पचवणारं तिथे जवळपास कोणी नाही. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये नायलॉन मांजावर देशभर बंदी घातली, तरी झाडांवर तो अजून सापडतोच.

पक्ष्याच्या खांद्यापासून मनगटापर्यंत कातडीचा एक ताणलेला पडदा असतो. पंखाची पुढची कड तीच. उडताना मांजा नेमका तिथे लागतो, आणि सुटण्यासाठी पक्षी जितका फडफडतो तितका तो आत रुततो. सांजवेळी थव्याने मुक्कामाच्या झाडाकडे परतणाऱ्या बगळ्यांना अंधूक उजेडात हा धागा दिसत नाही. मोठ्या फळखाऊ वटवाघळांचंही तेच. लहान वटवाघळं आवाजाच्या प्रतिध्वनीवरून वाट काढतात. ही मोठी मात्र डोळे आणि नाकावर विसंबतात. कावळे तर घरट्यासाठी दोरे उचलून नेतात आणि पिल्लांचे पाय त्यात अडकतात. म्हणून हे काम उन्हाळ्यातल्या विणीआधी उरकायला हवं.

नाशिकसाठी ही वेळ आणखी नाजूक आहे. इथून गोदावरी नांदूर मधमेश्वरला जाते आणि तिथे तिला कादवा मिळते. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ते हेच. पतंगांच्या दिवसांत तिथल्या पाणथळीवर हिवाळी पाहुणे मुक्कामाला असतात, आणि घाटावर टाकलेली बाटलीसुद्धा पुरात त्याच दिशेने वाहते.

आम्ही मांजा किलोत मोजत नाही. रिकाम्या आसारीवर, म्हणजे मांजाच्या फिरकीवर, गुंडाळतो, एका वेढ्याची लांबी मोजतो आणि वेढ्यांनी गुणतो. ‘एवढासा’ वाटणारा गुंता शेकडो मीटर निघाला, की मुलं आपोआप गप्प होतात. मला तो क्षण फार मोलाचा वाटतो.

हातात जाड मोजे हवेतच. विजेच्या तारेवरचा मांजा मुलांनी कधीच ओढायचा नाही. दगड-पालापाचोळ्याच्या ढिगात हात घालायचा नाही. खाली विंचू किंवा घोणस असू शकते. अडकलेला पक्षी दिसला तर दोरा ओढू नये, दोन्ही बाजूंनी कापावा. पक्ष्यावर कापड टाकून त्याला भोकं पाडलेल्या खोक्यात ठेवावं, चोचीत पाणी ओतू नये आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा.

जमवलेला मांजा तसाच कचऱ्यात टाकला तर डेपोवरच्या घारी आणि कुत्र्यांच्या पायांत जातो. म्हणून शेवटचा अर्धा तास कात्र्यांचा. सगळे गोल करून बसतात आणि मांजाचे बोटभर तुकडे करतात.