मान टाकलेलं रोप आणि पांढरी मुळी

"अरे, सकाळपासून तीन तांबे पाणी घातलं, तरी मान वर करत नाही बघ!"

नाशिकला गंगापूर रोडवर आमच्या शेजारी राहणाऱ्या मावशींनी रोपवाटिकेतून टोमॅटोचं रोप आणलं होतं. पिशवीतून काढताना त्यांनी ते खोडाला धरून ओढलं. मातीचा गड्डा पिशवीतच राहिला आणि रोप तेवढं हातात आलं. मी पोचलो तेव्हा कुंडीखालची ताटली भरून वाहत होती आणि पानं ओल्या फडक्यासारखी लोंबत होती. मावशींचा संशय अमावस्येवर होता. मी मातीत बोट घातलं तर नुसता चिखल.

पान सुकलं म्हणजे माती कोरडी, हे आपण गृहीतच धरतो. इथे पाणी भरपूर होतं, ते आत घेणारी तोंडंच तुटली होती. इथल्या गिरणारे किंवा पिंपळगावचा टोमॅटो पिकवणारा शेतकरी 'पांढरी मुळी चालली का?' असं विचारतो, ते यासाठीच. जाड, तपकिरी मुळं रोपाला धरून ठेवतात आणि पाणी वर पोचवतात. पाणी शोषायचं बरंचसं काम मात्र कोवळ्या पांढऱ्या टोकांचं आणि त्यांच्यामागच्या मूलरोमांचं. मूलरोम म्हणजे एकाच पेशीला फुटलेली लांबट शेपटी. जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी, लांबी फार तर एखादा मिलिमीटर. डिटमर नावाच्या शास्त्रज्ञाने १९३७ साली राय या धान्याच्या चार महिन्यांच्या एका रोपाचा हिशेब मांडला, तेव्हा मूलरोम भरले सुमारे १४ अब्ज. ते मातीच्या कणांत असे रुतलेले असतात की माती निसटली की तेही गेलेच.

वर पानांचं काम मात्र चालूच. पानातून वाफ होऊन पाणी जातं आणि त्या ओढीने खोडातल्या बारीक नळ्यांमधला पाण्याचा अखंड धागा वर खेचला जातो. डिक्सन आणि जोली यांनी डब्लिनमध्ये १८९४ साली मांडलेली ही कल्पना आजही टिकून आहे. खालून पुरवठा तुटला की धाग्यावरचा ताण वाढतो. फारच वाढला तर धागा तुटून नळीत हवेचा बुडबुडा शिरतो आणि ती नळी निकामी होते. तसं होऊ नये म्हणून रोप पानांवरची छिद्रं मिटून घेतं. पण मग कार्बन डायऑक्साइडही आत येत नाही, अन्न तयार होत नाही, आणि नवी मुळी काढायला लागतं ते अन्नच! म्हणून रोपाला सावली द्यायची, अंधार नाही. हिरवी शेडनेट किंवा जुनी सुती साडी, चार-पाच दिवस. कळ्या-फुलं खुडायची, खालची दोन-तीन पानं काढायची.

शेंडा मात्र खुडू नका. माझा सगळ्यात लाडका भाग इथेच आहे. शेंड्यात आणि कोवळ्या पानांत ऑक्सिन नावाचं, मुळं फुटायला लावणारं संप्रेरक तयार होतं आणि पेशीपेशीतून खाली उतरतं. प्रत्येक पेशीत त्याला बाहेर सोडणारी प्रथिनं मुख्यतः खालच्या बाजूला बसवलेली असतात, त्यामुळे वाहतूक एकेरी. छाटलेली फांदी उलटी टांगली तरी मुळं फुटतात ती तिच्या मूळच्या खालच्या टोकालाच, कारण ऑक्सिन तिथेच साचतं. टोमॅटोचं खोड तर यासाठी तयारच असतं. जुन्या रोपाच्या खोडावर जमिनीलगत बारीक पुटकुळ्या दिसतात ना, ती फुटू पाहणारी मुळंच. म्हणून मुळं तुटलेलं रोप खालची पानं काढून, वरच्या पानांपर्यंत खोलवर पुरायचं. कलमी रोप असेल तर मात्र जोड मातीच्या वरच हवा.

आणि पाणी? लावताना एकदा नीट द्यायचं, मग वाफसा येईपर्यंत, म्हणजे चिखल जाऊन माती नुसती ओलसर राहीपर्यंत, थांबायचं. नवी मुळी श्वास घेते आणि पाण्यातून ऑक्सिजन हवेपेक्षा सुमारे दहा हजार पट हळू सरकतो. चिखलात ती गुदमरते. १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खतसुद्धा आत्ता नको. भोवतीचं पाणी खारट झालं की दुबळ्या मुळीला ते ओढणं आणखी जड जातं.

'मुळी वाढवणारं' म्हणून बी-१ जीवनसत्त्वाच्या बाटल्याही विकल्या जातात. १९३०च्या दशकात काचेच्या भांड्यात वाढवलेल्या, झाडापासून तोडलेल्या मुळांच्या टोकांना ते लागतं असं दिसलं, तिथून हा बोलबाला झाला. पण अख्ख्या झाडाची पानं ते स्वतःच बनवतात. म्हणजे अमावस्या आणि बाटली यांत फरक इतकाच, की अमावस्या फुकट असते.

रोप जगणार का, हे दुपारी ठरवू नका. दुपारी लोंबलेलं पण पहाटे ताठ असलेलं रोप वाचतं. पहाटेही लोंबलेलं राहिलं आणि पानं कुरकुरीत व्हायला लागली, तर आशा कमी.

मावशींचं रोप सहाव्या दिवशी भर दुपारी ताठ उभं होतं, शेंड्याला नखाएवढं नवं पान. मावशी हातात चमचाभर खत घेऊन दारात. "आता घालू?"

"अजून आठवडाभर थांबा," म्हटलं.