पोटॅशियमचा आकडा कुठून येतो

शरीरातले जवळजवळ ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असते. तिथे त्याचे प्रमाण लिटरमागे साधारण १४० मिलिमोल, तर बाहेर रक्तद्रवात फक्त ३.५ ते ५.० मिलिमोल. रक्ततपासणीत मोजली जाते ती ही बाहेरची थोडकी मात्रा. ती फार वाढली तर हृदयाची लय बिघडते आणि फार घटली तर स्नायू लुळे पडू लागतात. हृदयाच्या ठोक्याशी क्षारांचा संबंध सिडनी रिंगर यांनी लंडनमध्ये १८८० च्या दशकातच बेडकाच्या हृदयावर दाखवला होता. पण खाटेवरच्या रुग्णाचे पोटॅशियम त्याच दिवशी कळण्याची सोय व्हायला पुढे साठेक वर्षे गेली.

१९२१ साली अमेरिकेत क्रेमर आणि टिस्डॉल यांनी थोड्याशा सीरमवर (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव) करता येईल अशी रासायनिक पद्धत दिली. कोबाल्टच्या क्षाराने पोटॅशियमचा पिवळा साका पाडायचा, तो धुवायचा, मग त्यावर परमँगनेट किती खपते ते मोजून (टायट्रेशन) मात्रा काढायची. काम किचकट आणि वेळखाऊ. धुताना साका थोडा वाहून गेला तरी उत्तर चुकायचे. मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णाला एवढी सवड नसते.

वाट मोकळी केली ज्योतीने. बुन्सेन आणि किरशॉफ यांनी १८६० च्या सुमारास हायडेलबर्गमध्ये मूलद्रव्ये ज्योतीच्या प्रकाशावरून ओळखायला सुरुवात केली होती. पोटॅशियमची फिकट जांभळी ज्योत निळ्या काचेतून पाहिल्याचे रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना आठवत असेल. प्रकाश मोजणारा फोटोमीटर मात्र त्याची ७६६ नॅनोमीटरची गडद लाल रेषा मोजतो. १९४५ मध्ये बार्न्स आणि सहकाऱ्यांनी सोडियम-पोटॅशियमसाठी फ्लेम फोटोमीटरची मांडणी प्रसिद्ध केली आणि काही वर्षांतच हे यंत्र रुग्णालयांत पोचले. वेळही नेमकी होती. १९४६ मध्ये हॉलर यांनी दाखवून दिले, की मधुमेहाच्या कीटोअॅसिडोसिसवर (इन्सुलिनअभावी रक्त आम्लधर्मी होण्याची अवस्था) उपचार चालू असतानाच पोटॅशियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते, कारण इन्सुलिन ते पेशींत ढकलते. म्हणजे आकडा एकदा घेऊन भागत नव्हते, पुन्हापुन्हा हवा होता.

आपल्याकडच्या प्रयोगशाळांत फ्लेम फोटोमीटर अनेक वर्षे टिकला. एलपीजीचा सिलिंडर, हवेचा कॉम्प्रेसर, पातळ केलेले सीरम. ज्योत थरथरली की वाचन हलायचे. त्यावर तोड म्हणून काही यंत्रांत प्रत्येक नमुन्यात ठरावीक लिथियम मिसळत आणि पोटॅशियमचा प्रकाश त्याच्या तुलनेत मोजत. पुढे लिथियम हे मानसिक आजारावरचे औषध झाले, रुग्णाच्या रक्तातच सापडू लागले, तेव्हा त्याच्या जागी सीझियम आले.

ज्योत विझवली ती एका प्रतिजैविकाने, आणि या इतिहासातला मला सर्वांत सुंदर वाटणारा भाग हाच. स्ट्रेप्टोमायसिस जिवाणूंपासून मिळणाऱ्या व्हॅलिनोमायसिनच्या रेणूत मधोमध एक पोकळी असते. तीत पोटॅशियमचा आयन नेमका बसतो, त्याहून लहान सोडियम नीट बसत नाही. रक्तद्रवात सोडियम तीसपटीहून जास्त असल्यामुळे ही निवड फार मोलाची. झ्युरिकमध्ये विल्हेल्म सिमॉन यांच्या गटाने १९६० च्या दशकाअखेर त्यावर आधारित इलेक्ट्रोड बनवला. व्हॅलिनोमायसिन असलेल्या पातळ पटलाच्या दोन बाजूंमध्ये तयार होणाऱ्या व्होल्टेजवरून पोटॅशियम कळते. सिलिंडर गेला, ज्योत गेली, मिनिटाभरात उत्तर येऊ लागले.

यंत्र भरवशाचे झाल्यावर चुका उरल्या त्या सुईपासून यंत्रापर्यंतच्या वाटेत. रक्त देताना मूठ वारंवार आवळली, बारीक सुईतून जोराने ओढताना लाल पेशी फुटल्या, तर आतला साठा बाहेर येऊन आकडा फुगतो. सेंट्रिफ्यूजमध्ये (वेगाने फिरवून पेशी वेगळ्या करणारे यंत्र) न फिरवलेले रक्त फ्रिजमध्ये ठेवले तरी तेच होते, कारण थंडीत पेशींचा सोडियम-पोटॅशियम पंप मंदावतो. जांभळ्या टोपीच्या नळीतल्या ईडीटीएमध्ये (रक्त गोठू न देणारे रसायन) तर पोटॅशियमचाच क्षार असतो. ते रक्त चुकून दुसऱ्या नळीत ओतले, तर पोटॅशियम अफाट वाढलेले आणि कॅल्शियम घसरलेले दिसते. ही जोडी एकत्र दिसली की अनुभवी टेक्निशियन रिपोर्ट थांबवून नवा नमुना मागतो.

सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवलेल्या नमुन्यात फुटलेल्या पेशी सीरमच्या तांबूस रंगावरून ओळखू येतात. आयसीयूतल्या ब्लड गॅस यंत्रात (रक्तातले वायू आणि क्षार खाटेजवळच मोजणारे) मात्र अख्खे रक्त जाते, सीरम वेगळे होतच नाही, म्हणून फुटलेल्या पेशी दिसत नाहीत. त्यामुळे तिथे ६.८ आले आणि ईसीजी अगदी नॉर्मल असला, तर आकडा खोटा असण्याची शंका येते आणि रुग्णावर लक्ष ठेवत दुसरा नमुना लगेच मुख्य प्रयोगशाळेकडे पाठवावा लागतो.