‘येतं’ म्हणायला किती प्रश्न लागतात?

प्रगतिपुस्तकात गणितासमोर ७२ हा आकडा दिसला की घरचे धरून चालतात, मुलाला गणित ७२ टक्के येतं. त्या आकड्यात तसं काहीच नसतं. बेरीज-वजाबाकी पक्की पण अपूर्णांकांच्या नावाने शून्य, अशा मुलालाही ७२ मिळतात. सगळंच थोडं थोडं कच्चं असलेल्यालाही ७२च. त्यात वही वेळेवर दिल्याचे गुण मिसळलेले असतात आणि चाचणीच्या दिवशी ताप आला म्हणून गेलेलेही. एकदा बेरीज झाली की कुठून काय आलं ते शोधता येत नाही.

सरासरी तर आणखी फसवी. पाच चाचण्यांत दहापैकी २, ४, ५, ९, ९ असे गुण मिळवणाऱ्या मुलीची सरासरी ५.८. हेच गुण उलट्या क्रमाने मिळवणाऱ्या मुलाचीही ५.८. तिला विषय आता येतोय, त्याच्या हातून तो सुटत चाललाय, आणि दोघांच्या पुस्तकात आकडा एकच.

निष्पत्ती-आधारित मूल्यमापन नेमका हाच गोंधळ दूर करायला निघालं आहे. अध्ययन निष्पत्ती म्हणजे शिकून झाल्यावर विद्यार्थ्याला जे करता आलं पाहिजे, आणि ते करताना दुसऱ्याला दिसलं पाहिजे, ते. रॉबर्ट ग्लेझर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९६३ साली मोजण्याच्या दोन तऱ्हा वेगळ्या करून दाखवल्या: मुलाला इतर मुलांशी ताडून पाहणारी मानक संदर्भित चाचणी, आणि आधीच ठरवलेल्या निकषाशी ताडून पाहणारी निकष संदर्भित चाचणी. पोहायला शिकणाऱ्याने २५ मीटर पार केलं की नाही, हे बघताना बाकीच्यांनी किती केलं याची गरज पडत नाही.

‘म्हणजे यात कुणी नापासच होत नाही’ हा आक्षेप नेहमी ऐकू येतो. तो चुकीचा आहे. निकष तसूभरही खाली येत नाही. बदलते ती वेळ. नेहमीच्या पद्धतीत धड्याला दोन आठवडे ठरलेले असतात आणि त्यात जो जेवढं शिकेल तेवढं. इथे शिकणं ठरलेलं असतं. त्याला कुणाला दोन आठवडे लागतील, कुणाला चार. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांनी १९६८ मध्ये मांडलेल्या प्रभुत्व अध्ययनाचा गाभा हाच: शिकवा, छोटी चाचणी घ्या, जे अडलं तेवढंच वेगळ्या पद्धतीने पुन्हा शिकवा, मग तशाच पण नव्या प्रश्नांची दुसरी चाचणी घ्या.

पहिली चूक निष्पत्ती लिहितानाच होते. ‘विद्यार्थ्याला दशांश अपूर्णांक समजतात’ हे वाक्य कुणीही लिहील, पण समजणं डोळ्यांना दिसत नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट मेगर यांनी १९६२ मध्ये सांगितलेले तीन भाग आजही उपयोगी पडतात: कृती कोणती, ती कोणत्या परिस्थितीत, आणि किती चांगली झाली म्हणजे पुरे. त्याप्रमाणे लिहायचं तर: ‘दशांश चिन्हापुढे कमी-जास्त अंक असलेल्या दोन संख्यांपैकी मोठी कोणती ते विद्यार्थी कॅल्क्युलेटरशिवाय ओळखतो आणि स्थानिक किमतीवरून कारण सांगतो, दहापैकी निदान आठ वेळा.’

आता प्रश्न काढू. ०.७५ मोठी की ०.५? बरीच मुलं ०.७५ म्हणतील आणि बरोबर ठरतील. पण त्यातल्या काहींच्या डोक्यात ‘७५ हे ५ पेक्षा मोठे’ एवढंच असतं. त्यांना ०.४५ आणि ०.५ द्या, ती ०.४५ सांगतील. काही मुलांचा गैरसमज बरोबर उलटा असतो: शतांश दशांशापेक्षा लहान, म्हणून जितके अंक जास्त तितकी संख्या लहान. या मुलांचं ०.४५ आणि ०.५चं उत्तर बरोबर येतं, पण ०.६२ आणि ०.४ दिले की चुकतं. एकाच तऱ्हेच्या दहा जोड्या दिल्या तर एक चुकीचा नियम दहापैकी दहा मिळवून देतो. दोन्ही तऱ्हांच्या पाच-पाच जोड्या घातल्या की त्यातला कुठलाही नियम घेऊन मूल पाचच्या वर जात नाही. प्रश्न निवडणं म्हणजे हे. त्यासाठी चुकीची उत्तरं कुठून येतात ते शिक्षकाला माहीत असावं लागतं.

आणि आता खरा मुद्दा, ज्यावर या सगळ्या पद्धतीचा डोलारा उभा आहे. किती प्रश्नांवरून ‘येतं’ म्हणायचं?

शाळांत बहुतेक वेळा एका निष्पत्तीला चार-पाच प्रश्न येतात. निकष ८० टक्के धरू, म्हणजे पाचपैकी चार. जोड्यांच्या प्रश्नात नुसता अंदाज केला तरी उत्तर बरोबर यायची शक्यता निम्मी असते. पाच प्रश्नांच्या बरोबर-चूक अशा एकूण ३२ मांडण्या होतात. त्यात चार किंवा पाच बरोबर असणाऱ्या सहा. सहा भागिले बत्तीस, म्हणजे सुमारे १९ टक्के. काहीच न येणाऱ्या पाच मुलांपैकी जवळजवळ एकाला आपण ‘येतं’चं प्रमाणपत्र देऊन मोकळे होतो. कारण सांगायला लावायचं ते यासाठी.

अंदाजाचा भाग बाजूला ठेवू. एका मुलाची तयारी अशी आहे की या प्रकारचे ७० टक्के प्रश्न त्याला सुटतात. म्हणजे निकषाच्या खालीच. प्रत्येक प्रश्न स्वतंत्र धरला, तर पाचही बरोबर यायची शक्यता ०.७ चा पाचवा घात, ०.१६८. नेमके चार बरोबर यायची शक्यता ५ × ०.७ चा चौथा घात × ०.३, म्हणजे ०.३६०. बेरीज ०.५२८. निकष न गाठलेलं हे मूल निम्म्याहून अधिक वेळा निकष पार करतं! दहा प्रश्न ठेवून आठ मागितले तर ही शक्यता ३८ टक्क्यांवर येते, वीस प्रश्न ठेवून सोळा मागितले तर २४ टक्क्यांवर. उलट बाजूची चूक लहान आहे: ९० टक्के तयारी असलेलं मूल पाच प्रश्नांत ८ टक्के वेळा अडकतं, वीस प्रश्नांत ४ टक्के. पाच प्रश्नांची चाचणी मुख्यतः उदार बाजूला चुकते, आणि ती चूक पुढच्या इयत्तेत बाहेर येते.

पुनर्परीक्षेचं गणित याहून गंभीर आहे. ‘तीन संधी, सर्वांत चांगले गुण धरू’ हा नियम दयाळू वाटतो. आपल्या ७० टक्क्यांच्या मुलाला प्रत्येक वेळी अडकायची शक्यता ०.४७२. तिन्ही वेळा अडकायची शक्यता तिचा घन, ०.१०५. म्हणजे मधल्या काळात काडीचंही न शिकता ते ८९ टक्के वेळा पार होतं. निष्पत्ती-आधारित पद्धत राबवली की निकाल एकदम सुधारतो अशा जाहिरातींकडे म्हणूनच सावधपणे पाहावं. रंगीत आलेख काढून देणारं अॅप शंभर निष्पत्तींपुढे हिरवी खूण करेल, पण प्रत्येक खुणेमागे चारच प्रश्न असतील तर ती खूण फार काही सांगत नाही.

मग प्रत्येक निष्पत्तीला वीस प्रश्न? तेही जमणार नाही. दक्षिण आफ्रिकेने १९९८ पासून शाळांत आणलेल्या ‘करिक्युलम २००५’ या निष्पत्ती-आधारित अभ्यासक्रमात विशिष्ट निष्पत्ती ६६ होत्या. वीस प्रश्नांच्या हिशेबाने एका मुलामागे १३२० प्रश्न. तिथल्या आढावा समितीने २००० मध्ये क्लिष्ट भाषेवर आणि शिक्षकांच्या अपुऱ्या प्रशिक्षणावर बोट ठेवलं.

वाट आहे, आणि ती कारखान्यातून येते. दुसऱ्या महायुद्धात अब्राहम वॉल्ड या गणितज्ञाने युद्धसामग्रीच्या तपासणीसाठी क्रमिक चाचणीची रीत बसवली: नमुना आधीच किती मोठा घ्यायचा ते ठरवू नका, पुरावा स्पष्ट झाला की थांबा, अस्पष्ट असेल तरच पुढे जा. वर्गात तिचं साधं रूप असं. पहिल्या दिवशी दहा प्रश्न. नऊ किंवा दहा बरोबर आले की ‘येतं’. सहा किंवा कमी आले की पुन्हा शिकवा. सात किंवा आठ आले तर निर्णय घेऊच नका. दुसऱ्या दिवशी नवे दहा द्या, आणि दोन्ही दिवसांचे मिळून वीसपैकी सोळा झाले तरच ‘येतं’.

हिशेब करून पाहिला तर ९० टक्के तयारीची जवळजवळ तीन चतुर्थांश मुलं पहिल्या दहातच मोकळी होतात, आणि चुकून अडकणारी ४ टक्केच उरतात, पूर्ण वीस प्रश्न दिल्यावर उरतात तेवढीच. ७० टक्क्यांचं मूल २८ टक्के वेळा पार होतं. वीस प्रश्नांच्या २४ च्या जवळ, पण त्यासाठी सरासरी पंधराच प्रश्न लागतात. यातली मेख ‘मिळून’ या शब्दात आहे. मध्ये काही शिकवलेलं नसताना दुसऱ्या दिवशीचे गुण एकटे धरले की पुन्हा तीच तीन संधींची चूक होते. मात्र मध्ये खरोखर शिकवलं असेल तर मूल बदललेलं असतं. तेव्हा जुने गुण सोडून द्यायचे आणि नव्या दहापासून सुरुवात करायची.

हे एका विषयात सत्रभर निभवायचं तर निष्पत्ती आठ-दहाच ठेवाव्या लागतात, आणि कोणत्या गाळायच्या हे शिक्षकांनी एकत्र बसून ठरवावं लागतं.

राहिली नोंद. ‘ब श्रेणी’ लिहिण्यापेक्षा ‘दशांश तुलना: ८/१०, दुसऱ्या दिवशी ९/१०, कारण तोंडी सांगितलं, ०.३ आणि ०.३०ला अडखळली’ एवढं लिहायला अर्धा मिनिट जास्त लागतो, पण पुढच्या शिक्षकाला कुठून सुरुवात करायची ते कळतं. सोबत तारीख हवीच, कारण शिकलेलं विसरतं. पाच-सहा आठवड्यांनी त्याच निष्पत्तीचे तीन-चार प्रश्न दुसऱ्या धड्याच्या चाचणीत मिसळायचे. ते चुकले तर लगेच खूण पुसायची नाही, नवे दहा प्रश्न द्यायचे आणि मग ठरवायचं.