गावाला गुरुजी किती? संचमान्यतेमागची पार्श्वभूमी

वीस किंवा त्याहून कमी पटाच्या प्राथमिक शाळेला नियमित शिक्षक एक द्यायचा की दोन, यावर मार्च २०२४ च्या शासन निर्णयापासून महाराष्ट्रात वाद चालू आहे. वरवर पाहता हा संचमान्यतेचा, म्हणजे पटावरून शाळेची शिक्षकपदे ठरवण्याच्या हिशेबाचा प्रश्न. पण वाडीवरच्या शाळेत दुसरा शिक्षक असणे आणि नसणे यात फरक किती पडतो, हे त्या शाळेचे वेळापत्रक लिहायला बसले की कळते.

मास्तरांच्या नेमणुकीला आकड्याची मोजपट्टी लागली ती ब्रिटिश काळात. गावची पंतोजींची शाळा गावाच्या ऐपतीवर चाले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई इलाख्यात अनुदानित शाळांना परीक्षेच्या निकालावर पैसे मिळू लागले आणि ‘दिपोटी’ (तपासणीला येणारे डेप्युटी) येणार म्हटले की शाळा सारवून लख्ख होऊ लागली. कोल्हापूर संस्थानाने १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड होता, म्हणजे भार पालकावर होता. पुढे १९४७ चा प्राथमिक शिक्षण अधिनियम आला आणि १९६२ मध्ये जिल्हा परिषदा स्थापन झाल्या. शाळा वाड्यावस्त्यांवर पोहोचली, बहुतेक ठिकाणी एका मास्तरावर. हाच मास्तर अनेक गावांत शाखा डाकघरही सांभाळी, मनिऑर्डरी वाटी, आलेली पत्रे वाचून दाखवी.

एकशिक्षकी शाळा ही सोय नव्हे, उणीव आहे असे धोरणात पहिल्यांदा ठळकपणे आले ते १९८७ च्या खडू-फळा मोहिमेत. दोन खोल्या, दोन शिक्षक आणि दुसरी शक्यतो शिक्षिका, असा तिचा आग्रह होता. शिक्षिकेची अट शोभेची नव्हती. शाळेत बाई आहेत म्हटल्यावर मुलीला तिसरी-चौथीच्या पुढे ठेवायला घर तयार होते.

१ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने हाच आग्रह अनुसूचीत घातला. पहिली ते पाचवीसाठी साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार. सहावी ते आठवीला वर्गामागे किमान एक, त्यातही विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा यांना स्वतंत्र शिक्षक. आजच्या वादाची मेख पहिल्या ओळीत आहे. ‘साठपर्यंत दोन’ याला खालची मर्यादा नाही. शाळेत अठ्ठावन्न मुले असोत की सात, दोन शिक्षक देय. हा तळ होता, पण पदे मोजणाऱ्या कार्यालयांनी तो सरासरीसारखा वाचला. तीस मुलांमागे एक, तर पंधरांना दोन कशाला, असा हिशेब सुरू झाला.

आता ‘पट’ या शब्दाकडे पाहायला हवे, कारण निम्मा गोंधळ त्याच्यापाशी आहे. शाळेत एका वेळी चार पट नांदतात. जनरल रजिस्टरवर दाखल असलेली मुले हा पहिला. हजेरीपटावर रोज खूण होणारी मुले हा दुसरा. ऑनलाइन प्रणालीत भरलेली मुले हा तिसरा. आणि त्यांतली आधार जुळलेली मुले हा चौथा. गावात ‘पट किती?’ विचारले तर पहिला सांगतात. पदे ठरतात चौथ्यावर.

याला कारणही घडले. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली आणि कागदावरची बरीच मुले वर्गात सापडली नाहीत. तुकड्या आणि अनुदान फुगवण्यासाठी बोगस नावे लिहिणाऱ्या संस्था होत्या, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्यानंतर २०१५ मध्ये विद्यार्थ्यांची ऑनलाइन नोंद ठेवणारी ‘सरल’ प्रणाली आली आणि २०२२-२३ पासून संचमान्यतेत आधारवैध विद्यार्थीच धरायचे ठरले. फुगवलेल्या पटावरचे औषध मात्र ज्यांचा पट मुळात हाताच्या बोटांवर मोजण्याइतका होता त्यांनाही पाजले गेले.

प्रक्रिया अशी. ३० सप्टेंबरचा पट ग्राह्य. मुख्याध्यापक माहिती भरतो, केंद्रप्रमुख (आसपासच्या शाळांच्या गटाचा, म्हणजे केंद्राचा अधिकारी) तपासतो, गटशिक्षणाधिकाऱ्याच्या लॉगिनवरून ती पुढे जाते आणि काही महिन्यांनी शाळेच्या हाती मंजूर पदांचा तक्ता येतो. जास्तीचे शिक्षक अतिरिक्त ठरतात आणि त्यांचे समायोजन होते, म्हणजे त्यांना दुसऱ्या शाळेत नेमले जाते. अडते ते जुळवणीत. नाव, लिंग आणि जन्मतारीख या तिन्ही नोंदी शाळेत आणि आधारवर तंतोतंत सारख्या लागतात. आधारवर केवळ १ जानेवारी आणि साल, रजिस्टरवर खरी तारीख, की मूल बाद. रजिस्टरमधली नोंद मुख्याध्यापकाला मनाने खोडता येत नाही, आणि आधार दुरुस्तीसाठी तालुक्याला जायचे तर पालकाची दिवसाची मजुरी बुडते. मोठ्या शाळेत अशी दोन-तीन मुले गळाली तर फारसे बिघडत नाही. एकवीसच्या शाळेत एक गळाले की शाळा विसाच्या आत.

ऊसतोडीच्या पट्ट्यात उलटा प्रकार. सप्टेंबरअखेर मुले हजर असतात, दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात. हंगामी वसतिगृहात न राहिलेली मुले आईबापाबरोबर जातात. पट कायम, हजेरी निम्मी. तपासणीला आलेल्याला हे बोगस वाटते.

डिसेंबर २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा जवळच्या शाळांत विलीन करायचे ठरले. सप्टेंबर २०२३ मध्ये समूह शाळांचे, म्हणजे अनेक छोट्या शाळांची मुले एका मोठ्या शाळेत आणण्याचे प्रस्ताव मागवले गेले, तेव्हा विसाच्या आतल्या शाळा १४,७८३, मुले सुमारे १ लाख ८५ हजार आणि शिक्षक २९,७०७ होते. म्हणजे शाळेमागे साधारण बारा मुले आणि दोन शिक्षक. खर्चाच्या बाजूने पाहणाऱ्याला हा आकडा डोळ्यात खुपतो, आणि ते समजण्यासारखे आहे. नमुना म्हणून पानशेत आणि तोरणमाळची उदाहरणे पुढे केली गेली. बस वेळेवर येते तिथे हे जमू शकते. पण घरापासून शाळा पाचवीपर्यंत एक आणि आठवीपर्यंत तीन किलोमीटरच्या आत हवी, हे नियमातले अंतर नकाशावर मोजले की पावसाळ्यातला ओढा त्यात येत नाही.

१५ मार्च २०२४ च्या निर्णयाने शाळा बंद केली नाही, निकष बदलला. विसापर्यंत किमान एक शिक्षक, दुसरा शक्यतो सेवानिवृत्तांमधून. तिसरे पद नव्याने हवे तर ६१ नव्हे, ७६ मुले. सहावी ते आठवीचा पट विसाच्या खाली गेला तर नियमित पदच नाही.

आता ते वेळापत्रक. पाचवीपर्यंत वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन अपेक्षित आहे, म्हणजे दिवसाला २४० मिनिटे. दोघे असले की एकाकडे पहिली-दुसरी, दुसऱ्याकडे तिसरी ते पाचवी. पहिलीच्या वाट्याला थेट १२० मिनिटे येतात, पाचवीच्या वाट्याला ८०. एकटा असेल तर प्रत्येक इयत्तेला ४८. बाकीचा वेळ मुले फळ्यावरचे उतरवत बसतात. त्यातूनच पोषण आहार वजा करायचा. मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ, अठरा मुलांना १ किलो ८०० ग्रॅम, तो मोजून द्यायचा, चव नोंदवायची, आकडा ॲपवर टाकायचा. केंद्राची शिक्षण परिषद, प्रशिक्षण, मतदारयादीचे काम ही निराळी. अशैक्षणिक कामांना कायद्याने मनाई केली, पण जनगणना, आपत्ती आणि निवडणूक वगळून. यादीचे काम बारमाही असल्याने पळवाट कुठे आहे ते सांगायला नको. एकट्या शिक्षकाने रजा टाकली की शाळेला कुलूप, नाहीतर केंद्रातून कोणीतरी उसना आणायचा.

दुसऱ्या जागी माणूस आणण्यासाठी सप्टेंबर २०२४ मध्ये दरमहा १५ हजार मानधनावर कंत्राटी नेमणुकीचा निर्णय झाला. आधी वीस पटापर्यंत, त्याच महिन्यात दुरुस्ती करून दहापर्यंत. फेब्रुवारी २०२५ मध्ये तो रद्द झाला. वर्षभरात तीन वेळा दिशा बदललेल्या या पदावर आलेल्या तरुणांना गावाची ओळख व्हायलाही वेळ मिळाला नाही.

वरच्या वर्गांचे पद गेले त्या शाळांत सहावी-सातवी प्राथमिकचेच शिक्षक ओढतात. पालक हे एक सत्र पाहतात आणि सातवीच्या मुलाचा दाखला काढून बाजारगावच्या शाळेत घालतात. एक मूल जाणार तर गाडी लावावीच लागते, मग तिसरीतली धाकटीही त्याच गाडीत बसते. पुढच्या ३० सप्टेंबरला गावच्या शाळेचा पट आणखी दोनाने कमी भरतो.