गृहस्थाच्या घरातील ध्यान : विपश्यनेची पार्श्वभूमी

पहाटे तासभर ध्यानाला बसायचे, संध्याकाळी पुन्हा तासभर, आणि मधल्या वेळात पंचशील सांभाळून नोकरी, दुकान, संसार करायचा, असा क्रम आज महाराष्ट्रातील अनेक घरांत दिसतो. तो बुद्धकाळापासून जसाच्या तसा चालत आला असावा, असे सहज वाटते. उपदेश प्राचीन आहेच. परंतु श्रीलंका, ब्रह्मदेश यांसारख्या थेरवादी (बौद्ध धर्माची जुनी परंपरा पाळणाऱ्या) देशांत कित्येक शतके गृहस्थाने दान द्यावे, शील पाळावे, उपोसथाला, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येसारख्या व्रताच्या दिवशी, विहारात जावे आणि ध्यान भिक्षूंवर सोपवावे, अशीच सर्वसाधारण वाटणी होती. ही वाटणी ब्रह्मदेशात बदलली आणि त्याला राज्य बुडणे हे एक मोठे कारण ठरले.

१८८५ च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी मंडाले घेतले आणि थिबा राजाला पुढे रत्नागिरीत आणून ठेवले. थिबा राजवाडा आपण पाहून येतो, पण राजा गेल्यावर तिकडे काय झाले याची चौकशी सहसा करत नाही. संघाला आश्रय देणारी सत्ताच उरली नाही, तेव्हा धम्म टिकवायचा कोणी, हा प्रश्न उभा राहिला. लेडी सयाडो (१८४६–१९२३) या विद्वान भिक्षूंनी तो भार सामान्य उपासकांवर टाकला : अभिधम्मासारखा, म्हणजे बौद्ध तत्त्वविश्लेषणाचा, क्लिष्ट विषय त्यांनी सोप्या बर्मी भाषेत मांडला, ठिकठिकाणी अभ्यासमंडळे उभारली आणि गृहस्थांनाही विपश्यना, म्हणजे संवेदना तटस्थपणे पाहण्याचे ध्यान, शिकवली. त्यांचे शिष्य सया तेजी हे शेतकरी होते आणि चीवर (भिक्षूचे वस्त्र) न घेताच ते आचार्य झाले.

सया तेजींकडे १९३७ मध्ये आनापान (श्वासावर लक्ष ठेवण्याचे ध्यान) शिकलेले ऊ बा खिन हे तर सरकारी हिशेबखात्यातले. १९४८ मध्ये स्वतंत्र ब्रह्मदेशाचे ते महालेखापाल झाले आणि पुढे त्यांनी आपल्या कार्यालयातच कर्मचाऱ्यांसाठी विपश्यनेची सोय केली. रोजच्या जगण्यातील साधनेचे याहून बोलके उदाहरण मला तरी आढळत नाही, कारण चोरी न करणे आणि खोटे न बोलणे या शीलांची खरी कसोटी जिथे लागते, ती जागा हिशेबाच्या टेबलाचीच आहे.

त्यांचे शिष्य सत्यनारायण गोएंका हे मंडालेत जन्मलेले मारवाडी व्यापारी. अर्धशिशीच्या त्रासातून ते या मार्गाकडे वळले, १९६९ मध्ये भारतात आले आणि त्यांचे इथले पहिले शिबिर मुंबईत झाले. इगतपुरीचे धम्मगिरी १९७६ पासून सुरू आहे. दहा दिवसांच्या शिबिरात आधी शीलांचे व्रत आणि मौन, मग आनापान, चौथ्या दिवशी विपश्यना आणि शेवटी सर्वांविषयी सद्भावना जोपासणारी मंगल मैत्री, असा क्रम असतो.

याआधीच, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये अष्टांगिक मार्ग आणि दहा पारमिता (दान, शील यांसारखे दहा सद्गुण) आल्या होत्या. मात्र तिथे सदाचाराला समतेपासून वेगळे काढलेले नव्हते. त्या दीक्षेतून घडलेल्या पिढ्यांमधले पुष्कळ जण इगतपुरीला जातात. दुःखाचे मूळ केवळ स्वतःच्या मनात शोधले, तर जातीने लादलेले दुःख नजरेआड होते, हा आक्षेपही त्याच समाजातून घेतला जातो, आणि तो गैरलागू म्हणता येत नाही.