टाच, नखं, कंबर: सोरायटिक आर्थ्रायटिसच्या नाना तऱ्हा

कुणाची टाच सकाळी जमिनीला टेकवत नाही. कुणाच्या पायाचं एकच बोट मुळापासून टोकापर्यंत टम्म सुजतं. त्यात युरिक ॲसिड जरा जास्त निघालं की घरात लगेच डाळ बंद, टोमॅटो बंद. कुणाला कंबर पहाटे झोपू देत नाही, पण उठून जरा चाललं-फिरलं की तीच कंबर मोकळी होते. हे तिघे तीन वेगवेगळ्या डॉक्टरांकडे जातात. आजार मात्र तिघांचाही एकच असू शकतो: सोरायटिक आर्थ्रायटिस. सोरायसिस, म्हणजे त्वचेवर खवल्यांचे चट्टे उठवणारा आजार, झालेल्यांपैकी ३० टक्क्यांपर्यंत लोकांना तो पुढेमागे गाठतो.

या आजाराला स्वतंत्र ओळख मिळायलाच वेळ लागला. सोरायसिसच्या रुग्णाचे सांधे सुजले तर त्याला योगायोगाने आमवातही (ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस) झाला, असं बरीच वर्षं मानलं जायचं. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने १९६४मध्ये त्याला वेगळा आजार म्हणून मान्यता दिली. मग १९७३मध्ये इंग्लंडमधल्या लीड्सचे जॉन मॉल आणि व्हर्ना राइट यांनी त्याचे पाच प्रकार मांडले: बोटांच्या टोकाकडचे सांधे धरणारा, डावं-उजवं न पाहता मोजकेच सांधे धरणारा, आमवातासारखा दोन्हीकडचे पुष्कळ सांधे धरणारा, मणक्याचा, आणि बोटांची हाडं झिजवून बोटं आखूड करून टाकणारा. शेवटचा सुदैवाने विरळा. ही विभागणी अजून शिकवली जाते, पण तिच्यावर फार विसंबू नये. आज दोनच सांधे दुखणाऱ्याचे चार वर्षांनी दहा दुखू शकतात, आणि मणक्याचा त्रास हातापायांच्या त्रासासोबतही असतो. प्रकार म्हणजे त्या दिवशीची अवस्था, एवढंच.

इतक्या तऱ्हा का? आमवातात दाह मुख्यतः सांध्याच्या आतल्या अस्तरात असतो. सोरायटिक आर्थ्रायटिसमध्ये तो अनेकदा कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारे दोर) किंवा अस्थिबंध (हाडाला हाडाशी बांधणारे पट्टे) हाडाला जिथे चिकटतात तिथे पेटतो. अशा जागा अंगभर आहेत: टाचेच्या मागे आणि खाली, कोपराशी, गुडघ्याभोवती, बरगड्यांपाशी, मणक्यात. यातली कुठलीही आधी धरली जाऊ शकते. जिथे ताण जास्त, तिथे शक्यता जास्त. वजन वाढलेलं असेल किंवा मार बसला असेल तर धोका वाढतो.

नखांची गोष्ट तर फारच रंजक आहे. बोट सरळ करणारी कंडरा शेवटच्या सांध्यापाशी हाडाला चिकटते आणि तिचे तंतू पुढे नखाच्या मुळापर्यंत पोचतात. त्यामुळे नखावर बारीक खड्डे पडणं, नख खालून सुटणं आणि त्याच बोटाचा टोकाचा सांधा सुजणं हे बहुतेक वेळा जोडीने दिसतं. नखं पिवळी-जाड झाली की बुरशीचं मलम लावून महिनोन् महिने घालवले जातात, ते वेगळंच.

आनुवंशिकतेचाही हात आहे. एचएलए-बी२७ हे जनुक असलेल्यांत मणका धरला जाण्याकडे कल असतो. एचएलए-सी०६ असलेल्यांना सोरायसिस लहान वयात होतो, पण सांध्यांचा त्रास बराच उशिरा सुरू होतो. पुरुषांत मणक्याचा त्रास अधिक दिसतो. स्त्रियांत पुष्कळ सांधे धरले जाणं आणि थकवा.

त्वचेवरून सांध्यांचा अंदाज बांधता येत नाही. साधारण ७० टक्के रुग्णांत सोरायसिस आधी येतो, तोही कधी कधी दहा-दहा वर्षं आधी. काहींत दोन्ही एकदमच येतात, तर काहींत सांधे आधी दुखतात आणि चट्टे मागाहून येतात. अंगभर चट्टे असलेल्याचे सांधे ठणठणीत असू शकतात. उलट ज्याला फक्त केसांत, बेंबीत किंवा नितंबांच्या घळीत जरासे खवले आहेत, त्याचे सांधे झिजत असू शकतात. केसांतल्या खवल्यांना तो कोंडाच समजत असतो आणि घळीतल्यांबद्दल लाजेने कुणाला सांगत नाही.

रक्ताच्या रिपोर्टवर आपली भारी श्रद्धा. आमवातासाठी आरए फॅक्टर नावाची तपासणी करतात. ‘आरए फॅक्टर निगेटिव्ह आला, म्हणजे संधिवात नाही,’ असं म्हणत रिपोर्ट फाइलला लागतो. पण या आजाराचे रुग्ण ठरवण्यासाठी २००६मध्ये कॅस्पर नावाचे जे निकष आले, त्यात सांध्यांचा दाह असताना आरए फॅक्टर निगेटिव्ह असणं हा आजाराच्या बाजूचा एक गुण आहे! घरात जवळच्या नातेवाइकाला सोरायसिस असणं, नखांतले बदल, सबंध बोट सुजणं यांनाही गुण मिळतात. ईएसआर आणि सीआरपी या दाह दाखवणाऱ्या तपासण्या तर जवळपास निम्म्या रुग्णांत नॉर्मल येतात. सकाळी अंग अर्धा तास किंवा जास्त आखडून राहतं का आणि हालचालीने बरं वाटतं का, या प्रश्नांतून बरंच कळतं.

तऱ्हा ओळखण्याचा सगळा खटाटोप शेवटी औषधासाठी आहे. मेथोट्रेक्सेट हे औषध त्वचेला आणि हातापायांच्या सांध्यांना उपयोगी पडतं, मणक्याला नाही. (ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं.) मणक्यासाठी आधी दाहशामक गोळ्या, त्या पुरल्या नाहीत तर टीएनएफ किंवा आयएल-१७ ही दाह पेटवणारी शरीरातली प्रथिनं रोखणारी इंजेक्शनं. आयएल-२३ हे तसलंच आणखी एक प्रथिन रोखणारी औषधं चट्टे झकास घालवतात, पण अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस या मणक्याच्या मिळत्याजुळत्या आजारातल्या चाचण्यांत ती अपयशी ठरली. आतड्याचा क्रोन्स आजार सोबत असेल तर आयएल-१७ची औषधं टाळतात, कारण तो उसळू शकतो. डोळ्याच्या आत वारंवार दाह होत असेल तर टीएनएफ रोखणाऱ्या ॲडालिमुमॅबला झुकतं माप मिळतं. त्याच गटातलं एटानरसेप्ट तिथे फारसं कामाचं नाही. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी चार दिवस हायसं वाटतं, पण त्या एकदम बंद केल्यावर सोरायसिस भडकू शकतो. आणि आपल्याकडे टीएनएफची इंजेक्शनं सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे आणि सुप्त क्षयाची तपासणी चुकवून चालत नाही. दबून बसलेला टीबी त्या औषधांनी जागा होऊ शकतो.